शून्य रुंदीचे चिन्ह आणि सापडेनाशी झालेली फाइल

फाइल यादीत दिसते, तिचे नाव वाचता येते, पण उघडायला जावे तर 'अशी फाइल अस्तित्वात नाही' असे उत्तर मिळते. नाव बदलता येत नाही आणि फाइल पुसून टाकायची म्हटली तरी तेच उत्तर. लिनक्स कर्नलच्या विकासकांपुढे डिसेंबर २०२४ मध्ये नेमका असा दोष आला. फायली शाबूत होत्या, साठवणीची चकती किंवा चिप खराब झालेली नव्हती. अडचण फक्त नावांत होती, आणि तीही नावांतील न दिसणाऱ्या चिन्हांत. दोष उघडकीस आला तो लाल बदामाच्या चित्रचिन्हामुळे. मात्र ज्या चिन्हांच्या गटाला हा दोष लागू होता, त्याच गटात मराठी लेखनात वर्षानुवर्षे वापरली जाणारी दोन चिन्हे आहेत. त्यामुळे या दुरुस्तीची हकिगत मराठी वाचकाने समजून घेण्याजोगी आहे.

कर्नल हा कोणत्याही कार्यप्रणालीचा गाभा. स्मृती, प्रक्रियक, पडदा, साठवण या सर्वांचे नियंत्रण त्याच्याकडे असते आणि इतर सर्व आज्ञावल्या त्याच्यामार्फतच यंत्राशी बोलतात. फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल आज अँड्रॉइड फोनच्या पोटात असतो. वसई-विरार पट्ट्यातून सकाळच्या लोकलने चर्चगेटकडे निघालेल्या प्रवाशाच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर तो लिनक्सच चालवीत असतो. (योगायोग असा, की युनिकोडची पहिली आवृत्ती आणि भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे मानक ही दोन्हीही १९९१ चीच अपत्ये.)

नावावरून फाइल कशी सापडते?

वापरणाऱ्याला फाइल नावाने ठाऊक असते, कर्नलला ती साठवणीतील जागेने ठाऊक असते. नावावरून जागा शोधण्याचे काम फाइल प्रणाली करते. फोल्डरमध्ये दहा-वीस फायली असतील तर एकेक नाव पडताळून पाहता येते. हजारो छायाचित्रे असतील तर ते परवडत नाही. म्हणून प्रत्येक नावावर ठरावीक गणिती क्रिया करून एक आकडा काढतात. त्याला हॅश म्हणतात. फाइल निर्माण होताना हा आकडा काढून त्यानुसार तिची नोंद विशिष्ट कप्प्यात ठेवली जाते. पुढे फाइल मागितली की कर्नल मागितलेल्या नावाचा हॅश पुन्हा काढतो आणि थेट त्या कप्प्याकडे जातो. टपाल कार्यालयात पिनकोड पाहून पत्रे त्या त्या खणात टाकावीत, तसाच हा प्रकार.

यात एक अट गृहीत धरलेली आहे. फाइल ठेवताना ज्या रीतीने आकडा काढला, त्याच रीतीने शोधतानाही तो निघाला पाहिजे. रीत बदलली तर कर्नल भलत्याच कप्प्यात हात घालणार आणि 'फाइल नाही' असे सांगणार. फोल्डरमधील सर्व नावांची यादी करताना मात्र हॅशची गरज नसते, कप्पे ओळीने वाचले की झाले. यादीत दिसणारी फाइल उघडत का नाही, या कोड्याचे उत्तर इथे आहे.

मोठी लिपी, लहान लिपी

लिनक्समध्ये मुळात नावे जशीच्या तशी, बाइटला बाइट लावून पाहिली जात. इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलेले नाव आणि तेच नाव लहान अक्षरांत लिहिलेले, ही दोन वेगळी नावे. एमएस-डॉस आणि विंडोजच्या जगात मात्र दोन्ही एकच मानली जातात. अँड्रॉइड फोनांतील मेमरी कार्ड 'फॅट' या डॉसच्या काळातील फाइल प्रणालीवर चालत असल्याने तिथेही तीच सवय रुजली आणि हजारो अ‍ॅप त्या सवयीवर विसंबून लिहिली गेली. फोनची अंतर्गत साठवण आली तरी ही सवय मोडता आली नाही. काही वर्षे गुगलने मध्ये एक वेगळा थर घालून काम भागवले. पण त्याने वेग कमी होई आणि देखभाल वाढे.

दरम्यान, विंडोजसाठी लिहिलेले संगणकीय खेळ लिनक्सवर चालवू पाहणाऱ्यांनाही हीच सोय हवी होती. कोलाबोरा या कंपनीतील गॅब्रिएल क्रिसमन बर्ताझी यांनी ती एक्स्ट४ या फाइल प्रणालीत घडवली. २०१९ च्या जुलैमध्ये आलेल्या लिनक्स ५.२ मध्ये ती प्रथम दाखल झाली. त्याच वर्षअखेरीस, लिनक्स ५.४ मध्ये, फोनच्या फ्लॅश साठवणीसाठी मूळ सॅमसंगमध्ये विकसित झालेल्या एफ२एफएस या प्रणालीतही ती आली आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून नव्या फोनांत तिचा आधार घेतला जाऊ लागला. या सोयीचे तांत्रिक नाव केस-फोल्डिंग. हॅश काढण्यापूर्वी नावाची एक 'घडी' घातली जाते. मोठी अक्षरे लहान केली जातात, जोडून बनलेली अक्षरे सुटी केली जातात, आणि शेवटी जे उरते त्याचा हॅश काढला जातो.

देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. तेव्हा मराठी नावांना या घडीशी काही देणेघेणे नसावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घडी घालताना आणखी एक गोष्ट केली जात होती. युनिकोडने काही चिन्हांना 'दुर्लक्षणीय' असा गुणधर्म दिला आहे. ज्या यंत्राला ते चिन्ह कळत नाही त्याने पडद्यावर चौकट वगैरे न दाखवता ते सोडून द्यावे, हा त्यामागील मूळ हेतू. कर्नलच्या तक्त्यांनी ही चिन्हे नाव जुळवतानाही सोडून दिली. म्हणजे नावात ती असली काय आणि नसली काय, कर्नलच्या लेखी नाव एकच.

दर्या आणि दऱ्या

या दुर्लक्षणीय चिन्हांत शून्य रुंदीचा जोडक आणि शून्य रुंदीचा विलगक ही दोन चिन्हे मोडतात. पडद्यावर ती जागा घेत नाहीत, पण शेजारच्या अक्षरांचा आकार बदलतात. इंग्रजी मजकुराला त्यांची सहसा गरज पडत नाही. मराठीला पडते.

सर्वांत ठळक उदाहरण डोळ्याच्या पापणीसारख्या दिसणाऱ्या अर्ध्या र चे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यांना' दिलेली दक्षिणा आणि 'आचाऱ्यांना' दिलेली दक्षिणा यांत स्वयंपाकघराइतके अंतर आहे. हा भेद हिंदीत नाही, म्हणून देवनागरीचा विचार हिंदीपुरता करणाऱ्यांच्या तो सहज नजरेतून सुटतो. युनिकोडमध्ये पापणीचा र लिहिण्याच्या दोन रीती मान्य आहेत. पहिली, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडण्याची. दुसरी, साधा र, हलन्त आणि नंतर शून्य रुंदीचा जोडक देण्याची. ही दुसरी रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीपासूनची, तिच्याशी सुसंगती राहावी म्हणून पुढेही चालू ठेवलेली. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच दिसतो. इंग्रजी कळफलकावरून मराठी उमटवणाऱ्या जुन्या साधनांतून लिहिलेल्या मजकुरात दुसरी रीत भरपूर आढळते.

हे उदाहरण दुर्मीळ शब्दांपुरते आहे असे मानायचे कारण नाही. शेतकऱ्यांची यादी, कर्मचाऱ्यांचे वेतन, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक अशी कोणतीही सरकारी वा घरगुती फाइल घ्या, पापणीचा र हजर असतो. 'वाङ्मय', 'उद्घाटन', 'षट्कोन' यांसारखे शब्द पाय मोडून, सुटे लिहिण्यासाठी अनेक जण विलगक वापरतात, तो प्रकार निराळाच.

वसई तालुक्यातील निर्मळ गावाचे उदाहरण घेऊ. तेथील शंकराचार्य मंदिराची कार्तिक वद्य एकादशीची यात्रा प्रसिद्ध आहे. यात्रेची छायाचित्रे कोणी फोनमध्ये नावे देऊन ठेवली, तर 'निर्मळ' या नावाच्या फाइलीला काहीच धोका नाही. या शब्दातील र चा रफार होतो आणि त्यासाठी अदृश्य चिन्ह लागत नाही. पण 'निर्मळ पायऱ्या' किंवा 'सुकेळी विकणाऱ्या बायका' ही नावे जोडकाच्या जुन्या रीतीने टंकलेली असतील, तर दोन्ही नावांत दुर्लक्षणीय चिन्ह दडलेले आहे. शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन फायलींपैकी दोन अडचणीत याव्यात आणि पडद्यावर पाहून कारण कळू नये, असा हा मामला.

दुरुस्ती, जिने फायली हरवल्या

अदृश्य चिन्हे सोडून देण्याची ही रीत केवळ भाषेच्या दृष्टीने सदोष होती असे नाही, ती धोकादायकही होती. त्याचा पहिला मोठा दाखला लिनक्सवर नव्हे, तर अ‍ॅपलच्या मॅक संगणकांवर मिळाला. आज्ञावलीच्या आवृत्त्या सांभाळणारे 'गिट' हे साधन आपली अंतर्गत माहिती एका विशिष्ट नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि त्या नावाचे दुसरे काही आत येऊ देत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये असे उघड झाले, की त्या नावाच्या मध्ये शून्य रुंदीचा विलगक घातला तर गिटच्या दृष्टीने ते वेगळे नाव ठरते, पण मॅकची तेव्हाची फाइल प्रणाली तो विलगक सोडून देते आणि फाइल थेट संरक्षित फोल्डरमध्ये जाऊन बसते. पहारेकऱ्याला एक नाव दिसते आणि तिजोरीला दुसरे. गिटला तातडीने नवी आवृत्ती काढावी लागली. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ च्या सुरक्षा पत्रकात, गुगलनेही अँड्रॉइडमधील अशाच जातीच्या त्रुटीची नोंद केली. युनिकोड नावांच्या चुकीच्या हाताळणीमुळे संवेदनशील फोल्डरांवरील पहारा चुकवता येत होता.

लिनक्स कर्नलमध्ये ही रीत बदलण्याचे काम बर्ताझी यांनीच ऑक्टोबर २०२४ मध्ये केले. दुर्लक्षणीय चिन्हांना यापुढे वेगळी वागणूक नाही, ती इतर अक्षरांसारखीच मोजायची, एवढाच बदल. तर्काला धरून, आटोपशीर आणि भाषिकदृष्ट्या योग्य. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ६.१२ मध्ये तो होता. मराठीपुरते बोलायचे तर या बदलाने कर्नलला प्रथमच दर्या आणि जोडकाने लिहिलेल्या दऱ्या ही दोन वेगळी नावे आहेत हे कळू लागले.

आणि इथेच घोटाळा झाला. जुन्या कर्नलने साठवणीवर लिहून ठेवलेले हॅश अदृश्य चिन्हे वगळून काढलेले होते. नवा कर्नल तीच नावे अदृश्य चिन्हांसह मोजू लागला. आकडे जुळेनात. ज्या फायलींच्या नावांत अशी चिन्हे होती, त्या सर्व एका अद्ययावतीकरणासरशी दुर्गम झाल्या. तक्रारीत पुढे आलेल्या बदामाच्या चित्रचिन्हामागेही असेच एक अदृश्य चिन्ह असते. बदाम काळा-पांढरा दाखवायचा की रंगीत, हे त्याने ठरते. आधीच्या नियमाने ते गळून जात होते, नव्या नियमाने मोजले जाऊ लागले.

डिसेंबरच्या मध्यास टॉरवल्ड्स यांनी स्वतः हा बदल मागे घेतला. त्यासोबतच्या टिपणात त्यांनी काही लपवले नाही. जुनी वागणूक निःसंशय चुकीची होती, पण त्या चुकीच्या वागणुकीने काढलेले आकडे लोकांच्या साठवणीवर आधीच लिहिले गेले आहेत, म्हणून बदल टिकवता येत नाही, असा त्यांचा आशय. मधल्या काळात नव्या नियमाने ज्यांनी फायली निर्माण केल्या असतील त्यांच्या फायली आता सापडेनाशा होतील, हेही त्यांनी मान्य केले. फाइल प्रणालीने मोठ्या-लहान लिपीची उठाठेव करूच नये, हे आपले जुने मतही त्यांनी याच टिपणात पुन्हा नोंदवले. ते मत पटो वा न पटो, ज्या लिपीत हा भेदच नाही तिला त्या सोयीची किंमत मोजावी लागली, एवढे तरी या प्रकरणात दिसून आले.

लिनक्सच्या जगात एक अलिखित नव्हे, तर वारंवार लिहून सांगितलेला दंडक आहे. कर्नलमधील बदलामुळे आधी चालणारे काही बंद पडता कामा नये. बरोबर आणि चूक यांच्या वादात अनेकदा हा दंडक जिंकतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो हट्ट वाटू शकेल. पण कोणा घरातील मुलाच्या बारशाची चित्रफीत उघडत नसताना 'आमचा नवा नियम अधिक शास्त्रशुद्ध आहे' हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

दोन्ही कप्पे पाहणारा शोध

बदल मागे घेऊन निम्मेच काम झाले. ज्या यंत्रांवर दोन्ही प्रकारचे हॅश लिहिले गेले होते, त्यांचे काय? २०२५ च्या आरंभी एफ२एफएसमध्ये त्यावर तोडगा आला. आधी नेहमीप्रमाणे हॅशवरून फाइल शोधायची. ती सापडली नाही, तर हॅश बाजूला ठेवून त्या फोल्डरमधील नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक करून नावाशी पडताळायच्या. एक्स्ट४ साठीही पुढे असाच उपाय करण्यात आला.

उपाय साधा आहे, फुकट नाही. नसलेली फाइल शोधणे हे संगणकाचे रोजचे काम असते. एखादे अ‍ॅप नवी फाइल निर्माण करण्यापूर्वी त्या नावाची जुनी फाइल आहे का हे विचारतेच. हॅशच्या भरवशावर 'नाही' हे उत्तर तत्काळ मिळत असे. आता तेच उत्तर देण्यापूर्वी सबंध फोल्डर चाळावे लागते. हजारो फायलींच्या फोल्डरमध्ये हा भार जाणवण्याजोगा असतो. वेग की खात्री, हा प्रश्न त्यामुळे पुढेही चर्चेत राहिला.

इंटरनेटवरील पत्त्यांच्या बाबतीत याच दोन चिन्हांनी पूर्वी असाच पेच टाकला होता. विविध लिप्यांतील पत्त्यांसाठी २००३ मध्ये ठरलेल्या नियमांत जोडक आणि विलगक सरसकट गाळले जात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर आलेल्या जोडकाला आणि विलगकाला सशर्त प्रवेश दिला, कारण भारतीय लिप्यांत त्यांनी अर्थ बदलतो हे तोवर मान्य झाले होते. पत्त्यांच्या बाबतीत हे जमले, कारण नियम नोंदणीच्या वेळी लागू करता येतो. कोट्यवधी खाजगी फोनांमध्ये लिहून ठेवलेले आकडे कोणालाच एका जागेवरून बदलता येत नाहीत.

बदल मागे घेतल्याने कर्नलचा जुना नियम पुन्हा लागू झाला. अशा फोनांत, केस-फोल्डिंग असलेल्या फोल्डरमध्ये, 'दर्या' आणि जोडकाच्या रीतीने लिहिलेले 'दऱ्या' ही एकच नावे ठरतात. एका नावाची फाइल असताना दुसऱ्या नावाची फाइल तिथे नकलली, तर ती पहिलीच्या जागी बसते किंवा नाव वापरात असल्याचा इशारा मिळतो. टेबलावरील लिनक्स संगणकांत केस-फोल्डिंग सहसा बंद असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

टिंबाच्या ऱ ने लिहिलेली नावे या सर्व प्रकारातून सुटतात. घडी घालताना ऱ चे र आणि खालचे टिंब असे दोन भाग होतात, पण टिंब दुर्लक्षणीय चिन्हांत नसल्याने टिकून राहते आणि नाव वेगळे राहते. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्या कळीसोबत शिफ्ट दाबले की ऱ मिळतो, पुढे हलन्त आणि य दिला की पापणी उमटते. मात्र एकाच शब्दाची दोन रीतींनी लिहिलेली नावे सारखी दिसली तरी कर्नलच्या लेखी निरनिराळी असतात. शोधपेटीत 'शेतकऱ्यांची यादी' लिहूनही फाइल हाती लागत नसेल, तर ती साठवताना दुसरी रीत वापरली गेली असण्याचा संभव मोठा. फाइल यादीत दिसत असूनही उघडत नसेल, तर फोन पूर्ववत कोरा करण्याची घाई करू नये. वर सांगितलेल्या दोषात मजकूर जागच्या जागी असतो आणि कर्नलच्या पुढील अद्ययावतीकरणाने तो पुन्हा हाती येऊ शकतो.

नाव देताना आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. एक्स्ट४ आणि एफ२एफएस या दोन्ही प्रणालींत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त सारे धरून मराठी नाव ८५ चिन्हांचे होते, आणि न दिसणारा जोडकही त्यात आपले तीन बाइट वसूल करतो.